ऋतिकाच्या नावाची ओळ

उगवला नारायन, पिवली झाली वाट
लेक निंगाली सासरी, मायचा सुटंना हात

हा आवाज ऋतिकानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती शाळकरी पोर होती. गणेशपुरीच्या अलीकडे मावशीच्या लग्नाचा मांडव पडला होता आणि ती आईच्या मांडीवर डोकं टाकून अर्धवट झोपली होती. आवाज गोड म्हणावा असा नव्हता. जात्याच्या दोन दगडांमधून कणी पडावी तसा जाडाभरडा, पण ऐकत राहावंसं वाटणारा. तिनं डोळे न उघडताच विचारलं होतं, "आई, कोन रडतंय?"

"रडत न्हाय गो, धवलारीन हाय ती," आई म्हणाली होती. "ती गायली क देव मांडवान येतान."

भटजी येतो तो लग्न लावण्यापुरता. त्याच्याआधीचं सगळं, मांडवाची पहिली मेढ, हळदीचं जातं, देवांना आवतण, हे धवलारणीच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाही. ही गाणी कुठं लिहिलेली नसतात. एका बाईच्या गळ्यातून ती दुसरीच्या गळ्यात जातात.

पुढं बऱ्याच वर्षांनी ऋतिका भिवंडीजवळच्या दापोड्याला सून म्हणून आली. उंबऱ्यावर माप ठेवलेलं, आत हळदीकुंकवाचं ताट, आणि दाराच्या आतून तोच आवाज आला. तिनं दचकून वर पाहिलं. गात होती ती तिची सासू. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा, तिचा मुलगा धनेशसुद्धा. ऋतिकाही मग आक्काच म्हणायला लागली. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपण ओळखीच्या घरात आलो.

आज घराण्यात पुन्हा हळद होती. धनेशचा चुलतभाऊ भाविक याची. अंगणात मांडव घातला होता. अंगणाच्या मागं पूर्वी भाताची खाचरं होती, आता गोडाऊनची पत्र्याची उंच भिंत उभी होती, आणि तिच्यापलीकडं कंटेनर मागं घेताना वाजणारी टीं-टीं दिवसभर थांबत नव्हती. मे महिना. पत्रा तापून त्याची झळ मांडवात येत होती. एका कोपऱ्यात डीजेवाला वायरी सोडवत बसला होता.

आक्का अंगणभर फिरत होती, अनवाणी.

दोन वर्षं होत आली, आक्काच्या पायात चप्पल नव्हती. ऋतिकाचं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून. गोडाऊनच्या रस्त्यावर खिळे असतात, काचा असतात, ट्रकांनी उकरलेली खडी असते. आक्काच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत बोटाचं पेर जाईल. गावात सगळ्यांना ठाऊक होतं हा नवस कशाचा. सुनेची कूस उजवावी याचा, आणखी कशाचा असणार? कुणी थेट विचारलंच, तर आक्का हसायची. "देवाचा न माजा हाय ता. तुमी कनाला मधी परतांव?"

ऋतिका ते पाय रोज पाहायची. रात्री आक्का पडवीत बसून टाचांना खोबरेल चोळायची तेव्हा ऋतिका हातातली बाटली घ्यायची, म्हणायची, "दे, मी लावते." तेल लावताना ती मान वर करत नसे. कारण जे त्या पायांना माहीत नव्हतं, ते तिला माहीत होतं.

तिला दोन्ही नळ्या नव्हत्या.

त्या दिवशी ती भाकरीचं पीठ मळत होती. दिवस राहिलेत हे कळून जेमतेम पंधरवडा झाला असेल. पोटात कुणी विळा फिरवावा तशी कळ आली आणि ती परातीवरच कोसळली. धनेश मानकोलीच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. तिथला टेम्पो घेऊन तो धावत आला, आणि आक्कानं तिचं डोकं मांडीवर घेऊन भिवंडीच्या दवाखान्यापर्यंत गोण्यांवर बसून प्रवास केला. गर्भ पिशवीत उतरलाच नव्हता. नळीतच रुजला होता आणि वाढता वाढता नळी फुटली होती.

शुद्धीवर येताना, अजून डोळे उघडत नव्हते तेव्हा, ऋतिकाला लांबून कुठूनतरी ऐकू आलं होतं, *उगवला नारायन, पिवली झाली वाट*. ती मनाशी म्हणाली, मी मावशीच्या लग्नात आहे, आईच्या मांडीवर आहे. मग डोळे उघडले तर वर पंखा होता, बाजूला रक्ताची पिशवी टांगलेली होती, आणि आक्का तिचे तळपाय चोळत बसली होती.

"गाठ व्हती गो," आक्का म्हणाली. "काहारली. आथा बरा हाय."

एवढंच.

टाके काढायला गेली तेव्हा शाहीन सिस्टर होती. भिवंडीतलीच, कोकणी मुसलमान, मराठी तिची घरचीच. पण हात चालू असले की हिंदीत घसरायची. ऋतिकानं विचारलं, "सिस्टर, परत चान्स कधी घ्यायचा?"

शाहीनचा चिमटा थांबला. "बाहर तुझा मालक बसलाय ना? बुलाती हूँ उसको."

"त्याला कशाला? तुम्हीच सांगा ना."

शाहीननं चिमटा ट्रेमध्ये ठेवला आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. "बघ बाय. एक फुटलेली होती. दुसरी पण खराब होती, पाणी भरलेली. आतून टीबी होता, खोकला न ताप नसतो त्यात, कळत पण नाही. मॅडमला दोन्ही काढायला लागल्या. नहीं निकालते तो तू आज यहाँ नहीं होती." मग तिनं ऋतिकाच्या हातावर हात ठेवला. "किसी ने बताया नहीं तेरे को? या अल्ला."

धनेशला माहीत होतं. दवाखान्याच्या बाहेर, बाइकच्या सीटवर हेल्मेट ठेवून, हेल्मेटवर कपाळ टेकून तो रडला. रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती. तो म्हणाला, "मी सांगणारच व्हतो. रोज सकाली ठरवायचो." मग डोळे पुसून म्हणाला, "पन आक्काला नको सांगू. मी बाटलीसाठी ब्लड बँकेत गेलेलो, तवा ती एकलीच व्हती बाहेर. तिला एवराच कललंय, गाठ व्हती. सगल्या गावाची लग्ना गायली तिनं, ऋतू. तिला कोन सांगंल?"

तेव्हापासून दोघं लपवत होते. ठाण्याला थायरॉइड दाखवायला जातो असं सांगून त्यांनी आयव्हीएफ करून पाहिलं. होळीच्या आधी तेही टिकलं नाही. पिशवीचं अस्तरसुद्धा त्या आजारानं खाल्लं होतं. डॉक्टर सभ्य शब्दांत बोलत होत्या, पण त्यांनी पुढची तारीख दिली नाही, आणि तिनं मागितली नाही.

एक गोष्ट मात्र ऋतिकानं धनेशलाही कधी सांगितली नव्हती. तिच्या माहेरी बाळाची वार आंब्याच्या मुळाशी पुरतात, वर दगड ठेवतात, दिवा लावतात. तिचं जे गेलं ते कुठं गेलं? नळीसकट बाटलीत घालून लॅबमध्ये गेलं, एवढं तिला शाहीनकडून कळलं होतं. त्याला कुणी पाहिलं का? निरोपाचा एक शब्द तरी कुणी बोललं का? कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आळीतून गेली की ती खिडकी लावून घ्यायची.

ऑपरेशननंतर महिन्याभरानं आक्का तिला एसटीनं गणेशपुरीला घेऊन गेली होती. गरम कुंडाच्या पायरीवर बसवून आक्कानं तांब्यानं तिच्या पाठीवर पाणी ओतलं. वाफेत आक्काचं तोंड दिसत नव्हतं. ओठ हलत होते एवढंच कळत होतं. पुढं वज्रेश्वरीच्या पायऱ्या तिनं अनवाणी चढल्या आणि उतरताना तळव्याचा फोड फुटला. ऋतिकाच्या जिभेवर आलं होतं तेव्हाच, आक्का, पुरे कर, काही होणार नाही. पण आक्कानं देवीसमोर मान खाली घातली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की ऋतिकानं शब्द गिळून टाकले. आशेनं माणसाचं तोंड असं दिसतं, तिला वाटलं. ते मी कसं हिसकावून घेऊ?

आणि मग लग्नं यायची. दर लग्नात ती ओळ यायची.

हळद दळताना धवलारीण जात्याला हात लावलेल्या एकेका सुवासिनीचं नाव घेऊन गाते. मांडवाच्या दारावर शिराळीचा वेल चढतो, त्या बाईच्या पाण्यानं तो फुलतो, असं ते गाणं. म्हणजे तुझ्या घरी पोरंबाळं होवोत. बाया आपलं नाव आलं की लाजतात, एकमेकींना कोपरानं ढोसतात. ऋतिकाचं नाव आलं की मांडवात क्षणभर शांतता व्हायची. त्या शांततेपेक्षा कुणी शिवी दिलेली बरी.

"आक्काऽ," निशानं हाक मारली. निशा म्हणजे भाविकची थोरली बहीण, कल्याणला दिलेली, दोन मुलांची आई. हातात मोबाईल, केसांत गजरा, आवाजात लग्नघराचा कारभार. "जातं मांडलंय. पन एक सांगू क? यंदा जात्याला लेकुरवाल्याच बसवू. करिष्माचे घरची मानसं व्हिडिओ मागवतान. उगा इषय नको."

करिष्मा म्हणजे भाविकची नवरी. तिच्या घरच्यांना व्हिडिओत जात्यावरच्या बायांची पोरं मोजता येणार नव्हती. सगळ्यांना कळलं बोलणं कुणासाठी आहे. एकदोघींनी पदर सारखे केले.

आक्कानं मुसळाला आंब्याची डहाळी बांधता बांधता मानही वर केली नाही. "जात्याला हात कोनाचा लागंल ता धवलारीन सांगते. तू त्या डीजेवाल्याला सांग, आवाज कमी ठेव. मंगाशी त्याना टेस्टिंग केला त माजा गनपती भिंतीचे गोखल्यातनं परला."

बाया फिसकन हसल्या. निशाही हसली, पण हसू अर्धंच राहिलं. "मी तं सांगला. पुढं तुमी जानां."

"ऋतिका, ये. माजे उजवे अंगाला बस."

ऋतिका बसली. खुंट्यावर पाच हात आले. सर्वांत खालचा हात तिचा, वर आक्काचा, काळा, शिरा उठलेला. हळद तशी पाकिटातून येतेच, पण पहिली मूठ जात्यावरच भरडायची. हळकुंडं कडकड फुटली. वास उठला, कोरडा, कडसर. आक्कानं एकदा खाकरून गळा मोकळा केला आणि आवाज लावला. देवांची नावं झाली, गावदेवीचं झालं, वेशीचं झालं. मग ती ओळ आली.

मांडवाचे दारी गो, शिरालीचा येल चढं
निशाबायचे पान्याना, फुलांचा भार परं

निशा लाजली. तिच्या धाकट्यानं "मम्मी, तुजा नाव!" म्हणून टाळ्या पिटल्या. पुढची सुवासीण, तिच्यापुढची. जातं घरघरत होतं. ऋतिकाला आपल्या नावाआधीच्या ओळी मोजायची सवय झाली होती. आता तिचीच राहिली. तिला शिराळीचा वेल दिसला, मांडवाच्या दाराला, मुळाशी कापलेला. पानं अजून हिरवी आहेत म्हणून कुणाला कळत नाही. आणि एक म्हातारी अनवाणी येऊन त्याला पाणी घालते आहे, रोज घालते आहे.

तिनं खुंट्यावरचा हात काढला. उठली. मांडवाच्या मागच्या बाजूनं, टाकीच्या आड, घर आणि गोडाऊनची भिंत यांच्यातल्या बोळात निघून गेली.

जातं थांबलं. मागून निशाचा आवाज आला, "आथा हिला काय झाला?"

आणि त्यावर लगेच आक्काचा, अगदी शांत. "मीच पाठवली. मांडवाचे उंबराचे फांदीला पानी घालाचा राहिला. तुमी दला, येतंय मी."

"मधीच उठतांव? मुहूर्त जाल आक्का!"

"हलद काय पलून चालली न्हाय गो."

बोळात सिमेंट टाकलेलं होतं आणि ऊन सरळ वरून पडत होतं. ऋतिका पत्र्याच्या भिंतीकडं तोंड करून उभी होती. पावलं वाजली नाहीत, अनवाणी पावलं वाजत नाहीत. ती वळली तेव्हा आक्का समोर उभी होती, तापलेल्या सिमेंटवर एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत.

ते पाहून ऋतिकाच्या आत इतके दिवस बांधून ठेवलेलं काहीतरी सुटलं. तिनं आपल्या चपला काढल्या. खाली बसून आक्काच्या पायांपुढं ठेवल्या.

"घाल."

"खुली झाली क काय तू?"

"घाल आक्का. पाया पडते तुझ्या. माझ्यासाठी नको चालू." तिनं चपला आणखी पुढं सरकवल्या. "आणि माझं नाव नको घेऊस त्या ओळीत. काय व्हनार न्हाय आता. कदीच न्हाय. मला... त्या दिवशी त्यांनी..."

दोन वर्षं तिनं ते वाक्य मनात शंभरदा जुळवलं होतं आणि आता त्यातला एक शब्द हाताला लागत नव्हता. तिनं आक्काची पावलं दोन्ही हातांनी धरली आणि त्यांच्यावर डोकं टेकलं. सिमेंटचा चटका गुडघ्यांना बसत होता.

पलीकडं कंटेनर मागं घेत होते. टीं-टीं थांबली. मग आक्का खाली बसली, तिच्यासमोर, त्याच उन्हात. चपला तिनं बाजूला सारल्या आणि पदरानं ऋतिकाचं नाक पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

"ठाव हाय मना," आक्का म्हणाली.

ऋतिकानं मान वर केली.

"धन्या रगत आनाला गेल्ता. डाक्तरीनबाय बाहेर आली, हातान स्टीलचा ट्रे. म्हनली, बगून घ्या आजी, पेशंटच्या मानसाला दाखवावा लागतं. मी बगितला. एक व्हती फुटलेली. दुसरी व्हती सुजलेली, जालीन अडकलेल्या मासलीवानी. दोन व्हत्या, पोरी. मना अक्षर येत न्हाय, पन दोन येतान."

"मग तू... इतके दिवस..."

"मना वाटला तुना ठाव न्हाय. तू टाके काहारून आलीस न हसलीस मना बगून. म्हनून मी पन हसली. मना वाटला, हिची आशा हाय तवर हाय. मी कनाला मोरू?" आक्काचा आवाज खाली गेला. "नाव पन त्यासाठीच घेते मी. तुजा नाव एक डाव ओलीतनं गालला, त निशा पयली इचारंल, कं गालला? मंग सगल्या गावाला उत्तर देत बसाचा तुना. त्यापरास मीच खोटा गाते. देव मना इचारंल तवा बगू."

ऋतिकाची नजर पुन्हा त्या पावलांवर गेली. भेगांत हळदीची पूड बसली होती.

"मग ह्या चपला? नवस?"

"नातू न्हवता मागला मी." आक्का जराशी हसली. "आत तुना झोपवलेली, न बाहेर शिस्टर पलत व्हत्या. मी चपला काहारल्या न तिथंच बाकराखाली ठेवल्या. म्हनली, आये वज्रेश्वरी, माजी पोरगी मना परत दे, बाकी तुजा तुना. दिलीस त मरंपरत अनवानी चालन. तिनं दिली. मी कुंडावर तुना न्हाया घातली, ती फेड व्हती गो. मागना न्हवता."

मांडवात बायांनी आक्काची वाट पाहून आपणच गाणं उचललं होतं. त्यांचे सूर जुळत नव्हते. एक पुढं जायची, दुसरी मागं राहायची, मधेच कुणीतरी हसायचं. निशानं पुन्हा हाक दिली, "आक्काऽ, चुकतंय आमचा!"

आक्का उठली नाही. तिनं ऋतिकाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बोलायचं आणखी काही तिच्याजवळ होतं. गाणारी बाई, पण तिला शब्द सापडत नव्हते.

"ऋतिका, त्या ट्रेमधी..." ती थांबली. पुन्हा म्हणाली, "त्या फुटल्या नलीन ता पन व्हता. तुजा. येवरासा, भाताचे दान्याहून जरासाच मोठा. डाक्तरीनबाय म्हनली, हात लावू नका, लॅबला द्याचाय. मी लावला. एक बोट लावला. मंग ती ट्रे घेऊन चालाला लागली, त मी तिचे मागं मागं त्या दारापरत गेली. येकली कशी जाल ती, कोनी पोचवाला नको? मी गायली. हलूच. *उगवला नारायन, पिवली झाली वाट.* पोरगा क पोरगी, येवरंशान कलत न्हाय, ठाव हाय मना. पन मी लेकीचाच गायली गो. मी लेकीचाच गायली."